मदत हवी आहे: बॅकअप झाल्यावर सतत लागणारी पेजेस कॅशमधून जातात (लिनक्स, कर्नल ६.१)

नमस्कार. आमच्या डेबियन १२ सर्व्हरवर शोधसेवेची सुमारे २०० जीबीची इंडेक्स फाइल आहे आणि रॅम तिच्यापेक्षा बरीच कमी आहे. सेवा दिवसभर ही फाइल एमॅप करून (मेमरीच्या पत्त्यांना जोडून) तिची कुठलीही सुटी पेजेस (४ केबीचे तुकडे) वाचते, तर रात्री बॅकअपचा प्रोग्रॅम तीच फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचतो.

दिवसाचा प्रश्न सुटला आहे. पेज फॉल्ट झाला, म्हणजे हवे असलेले पेज रॅममध्ये नसले, की कर्नल आजूबाजूची मिळून १२८ केबी, म्हणजे एका पेजसाठी ३२ पेजेस, डिस्कवरून उचलत होता. फाइल डिस्क्रिप्टरवर फॅडव्हाइजने (फाइल कशी वाचणार हे कर्नलला कळवणाऱ्या कॉलने) ‘रँडम’, म्हणजे वाचन सलग नाही, असे सांगून उपयोग झाला नाही. एमॅप केलेल्या भागावर मॅडव्हाइजने (मेमरीसाठीच्या तशाच कॉलने) तेच सांगितल्यावर हे जादा वाचन थांबले. अख्ख्या डिस्कचे रीडअहेड (पुढचे आधीच वाचून ठेवणे) कमी करण्याचा सल्ला मिळतो, पण सलग वाचणाऱ्या बॅकअपला तेच हवे असल्याने तो मला पटत नाही.

खरी अडचण रात्रीची आहे. बॅकअपने वाचलेल्या पेजेसनी कॅश (फाइलची वाचलेली पेजेस रॅममध्ये ठेवण्याची जागा) भरते आणि सकाळी सेवेला तीच ती पेजेस पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. प्रत्येक तुकडा वाचून झाल्यावर फॅडव्हाइजने ‘डोन्टनीड’ (ही पेजेस आता नकोत) सांगावे, तर कॅश फाइलची असते, वाचणाऱ्याची नव्हे. त्यामुळे सेवेने आणलेली पेजेसही जातात. त्या क्षणी एखाद्या प्रोसेसमध्ये मॅप असलेली पेजेस टिकून राहतात खरी, पण आमची सेवा बॅकअपच्या जरा आधीच रीस्टार्ट होते (ती वेळ ठरवणे माझ्या हातात नाही).

आधीपासून कॅशमध्ये असलेली पेजेस मिनकोअरने (कोणती पेजेस रॅममध्ये आहेत ते सांगणाऱ्या कॉलने) ओळखून तेवढी वगळता येतील. मात्र तुकड्यागणिक विचारून भागत नाही, कारण पुढच्या तुकड्याची पेजेस रीडअहेडने अगोदरच आणलेली असतात आणि ती जुनीच वाटतात. म्हणून बॅकअप सुरू होतानाच पूर्ण फाइलची नोंद घ्यावी लागेल. पेजमागे एक बाइट धरल्यास ती सुमारे ५० एमबीची होईल, आणि तेवढी परवडते.

ओ-डायरेक्टने (कॅश टाळून थेट डिस्कवरून) वाचल्यास कॅशला धक्का लागत नाही, पण मग रीडअहेडही मिळत नाही आणि मोठे, अलाइन केलेले (ठरावीक सीमेवर सुरू होणारे) बफर स्वतः सांभाळावे लागतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मिनकोअरची ही पद्धत कोणी एवढ्या मोठ्या फाइलवर प्रत्यक्ष वापरली आहे का? आणि फॅडव्हाइजची ‘नोरीयूज’ (ही पेजेस पुन्हा लागणार नाहीत) ही सूचना कर्नल ६.३ पासून खरोखर अमलात येते, तेव्हा केवळ तिच्यासाठी डेबियन १३ वर जाणे योग्य ठरेल का?