घरी छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन) बनवतोय, ६०० बाय ६०० एमएम बेड जमेल का?

सांगलीकर हौशी:
नमस्कार मंडळी, एमडीएफ आणि सागवानावर नेमप्लेट कोरायला घरीच सीएनसी बनवायचं चाललंय, शिवाय मिरजेतले ओळखीचे एक सतार बनवणारे काका पण मागं लागलेत की नक्षीच्या पट्ट्या कापून दे म्हणून. अर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), मोटरचे ड्रायव्हर बसवायला सीएनसी शील्ड, सरकायला १२ एमएमचे गोल रॉड, ढकलायला टी८ स्क्रू असं ठरवलंय. नेमा १७ स्टेपर मोटर पुरतील का त्याहून मोठ्या नेमा २३ घेऊ? बजेट बेताचं आहे.

कुपवाड फिटर:
भावा मोटरचं नंतर, आधी ते गोल रॉड लिस्टमधनं काढ. नुसता दोन टोकांना धरलेला रॉड मधे वाकतोच आणि लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला वाक आठपट होतो, त्यावर नेमा २३ बसवून काय करणार? एसबीआर१६ रेल घे, तिला खालनं पूर्ण लांबीभर आधार असतोय. फ्रेमला एमएसची (साध्या लोखंडाची) चौकोनी ट्यूब चालेल, पण वेल्डिंगनं ती ओढते, म्हणून रेल बसायच्या पट्ट्या वेल्डिंग झाल्यावरच मिलिंग करून घे, एमआयडीसीत कुणीपण करून देईल.

सांगलीकर हौशी:
बरं दादा, मग बेड ३०० बाय ४०० करतो, नेमप्लेटला तेवढा बास. टी८ चालेल ना?

साताऱ्याचा पोरगा:
लाकडाला चालतो, स्क्रूतली ढिलाई काढणारा स्प्रिंगवाला अँटीबॅकलॅश नट घ्या फक्त. आणि बाजारातल्या नेहमीच्या टी८ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ पण लीड (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) ८ एमएम असतो, चार आटे असतात ना, म्हणजे मोटरच्या फेऱ्याच्या २०० स्टेप्स गुणिले १६ मायक्रोस्टेप भागिले ८, ४०० स्टेप्स पर एमएम. पिच धरून १६०० टाकले तर मशीन चौपट पळणार. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर गेलाच समजा.
होमिंग स्विच मात्र लावाच, त्यानं मशीनला आपली मूळ जागा सापडते. आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा, मधेच गेली तर परत होमिंग करायचं, जी५४ चा झिरो (कामाचा सुरुवातीचा बिंदू) बोर्डात सेव्ह असतो, काम वाया जात नाही.

कुपवाड फिटर:
आणि त्या काकांना विचार पट्टी कशाची आहे. सेल्युलॉइड असेल तर मशीनवर घेऊच नको, बिट तापला की भसकन पेट घेतंय ते. अॅक्रिलिक असेल तर सिंगल फ्लूट (एकाच धारेचा) बिट, आरपीएम कमी न् फीड (बिट पुढं सरकायचा वेग) जास्त, नायतर वितळून बिटलाच चिकटतंय.

सांगलीकर हौशी:
अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं. आजच फोन करतो काकांना.