आईबाबांसाठी केबल ठेवू की ओटीटी घेऊ?

आईबाबा सांगलीला असतात, संध्याकाळी स्टार प्रवाहच्या मालिका आणि मग बातम्या, एवढंच बघतात. केबलचं बिल वाढतच चाललंय, काढून जिओहॉटस्टार घेऊ का?

— आधी नेट कसंय ते बघा, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावला तर दिवसाचा डेटा दोन एपिसोडमध्येच उडतो, आणि ब्रॉडबँड घ्यायचं तर तोही खर्च धरा ना.

— केबल काढू नका हो. आमच्या आईला चॅनेलचे नंबर पाठ आहेत, ॲपमध्ये शोधत बसणं तिला जमत नाही. त्यापेक्षा नको ते पे चॅनेल बंद करायला सांगा, ट्रायच्या (टीव्ही-केबलवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ च्या नियमांपासून सुटे चॅनेल निवडता येतात.

— सह्याद्रीवर भागत असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्या, छत्री-बॉक्सचे एकदाच पैसे, महिन्याला काहीच नाही.