ओएलईडी टीव्हीवर बातम्यांच्या पट्टीची सावली

प्रश्न: बाबांकडे दिवसभर बातम्या चालू असतात. आता मॅच लावली की मैदानाच्या हिरव्या रंगावर खाली पट्टीची पुसट सावली दिसते. टीव्ही बंद ठेवूनही जात नाही. कशामुळे?

उत्तर १: मी पॅनेलचंच काम करतो. तिथले पिक्सेल बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेत. ओएलईडीत मागे बॅकलाइट नसतो, सेंद्रिय रेणूच वीज घेऊन उजळतात. त्यात निळा प्रकाश देणारे रेणू सगळ्यात नाजूक: त्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, त्यामुळे रेणूंचे बंध तुटतात. तुटलेले तुकडे प्रकाश तर देत नाहीतच, वर शेजारच्या रेणूंची ऊर्जाही गिळतात. पुष्कळ मोबाइलमध्ये निळा उपपिक्सेल (पिक्सेलमधला निळ्या रंगाचा ठिपका) मुद्दाम मोठा ठेवतात, म्हणजे त्यावर ताण कमी पडतो. ब्राइटनेस दुप्पट केला तर आयुष्य निम्म्याहूनही खाली येतं, म्हणून बाबांचा ‘व्हिव्हिड’ मोड (चित्र भडक, उजळ करणारी सेटिंग) आजच काढा.

उत्तर २: टीव्हीच्या सेटिंगमधलं ‘पिक्सेल रिफ्रेश’ चालवून बघा. सावली फिकी होते.

उत्तर १: होते, पण झीज भरून निघत नाही. टीव्ही पिक्सेलची झीज मोजून वीजपुरवठा जुळवून घेतो, एवढंच. उठसूट चालवू नका. आणि रात्री प्लगवरून बंद करू नका, अशी छोटी जुळवाजुळव टीव्ही स्टँडबायमध्ये असतानाच आपोआप होते.