'मध्यस्थी' की 'शिष्टाई'? आणि 'भावनिक शिक्षण' कोणी दिलेलं?

प्रश्न: श्रीलंकेतल्या यादवीत वाढलेल्या तमिळ मुलांवरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. दोन ठिकाणी अडले. 'युद्धाचा मुलांच्या भावनिक शिक्षणावर परिणाम होतो' हे वाक्य कानाला खटकतंय, पण का ते कळत नाही. आणि नॉर्वेने तिथे जे केलं ती मध्यस्थी, शिष्टाई की लवाद?

प्रतिसाद: लवाद तर नक्कीच नाही. लवाद निवाडा देतो आणि तो दोघांना मानावा लागतो. रदबदली आपण कुणा एकासाठी करतो. शिष्टाई शब्द मला फार आवडतो, पण कृष्ण हस्तिनापूरला गेला तो पांडवांचा दूत म्हणून. त्यामुळे शिष्टाई म्हटलं की कुणाच्या तरी बाजूने जाणं आलंच. नॉर्वे दोघांचाही नव्हता.

उरली मध्यस्थी. बातमीत चालेल, पण तुमच्या लेखात जपून वापरा. नॉर्वेने स्वतःला कटाक्षाने 'फॅसिलिटेटर' म्हणवून घेतलं, 'मीडिएटर' नव्हे. तोडगा आम्ही सुचवणार नाही, दोघांना बोलतं करू, एवढीच भूमिका. 22 फेब्रुवारी 2002 ला सरकार आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना एलटीटीई यांच्यात शस्त्रसंधी झाली. सप्टेंबरपासून थायलंड, नॉर्वे, जर्मनी, जपान अशा बैठका झाल्या. एप्रिल 2003 मध्ये एलटीटीई बोलण्यांतून बाहेर पडली. हे सगळं 'मध्यस्थी' म्हणून मांडलं की अपयशाचं सारं ओझं तिसऱ्यावर जातं. 'फॅसिलिटेटर'ला 'सुलभक' हा शब्द आहे, पण त्याला क्रियापद नाही. मी सरळ 'नॉर्वेने बोलणी घडवून आणली' असं लिहीन.

दुसरा प्रतिसाद: मी शिक्षक आहे. आमच्या प्रशिक्षणात 'सुलभक' रोज ऐकू येतो, तोही शिक्षकासाठीच! तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तरही तिथेच सापडतं. आम्ही अध्यापन आणि अध्ययन वेगळं धरतो. 'शिक्षण' म्हटलं की कोणीतरी देणारा येतो. मूल मात्र कोणी न शिकवताही शिकतं. विमानाचा आवाज आला की बंकरकडे पळायचं, रडायचं नाही, अनोळखी माणसाला घरात कोण आहे ते सांगायचं नाही, हेही भावनिक शिकणंच आहे. युद्धाने ते थांबत नाही, उलट्या दिशेला जातं. म्हणून 'युद्धात मुलं कोणत्या भावना कशा शिकतात' असं लिहा.

आणखी एक, कळकळीने सांगते. अशा मुलाला 'बुजरं' म्हणू नका. बुजरेपणा हा स्वभाव झाला. हे मूल भेदरलेलं आहे, कुणीतरी त्याला भेदरवलं आहे. धसका आणि धास्ती यांतही फरक ठेवा. धसका घडून गेलेल्या गोष्टीचा बसतो, धास्ती पुढे घडेल त्याची असते. भाऊ उचलून नेल्याचा धसका, आणि आता आपली पाळी या धास्तीत काढलेली शाळेची वर्षं. एलटीटीईने मुलांना लढाईसाठी नेलं, त्या गावांत ही दोन्ही एकाच घरात नांदत होती. 'मानसिक आघात' हा शब्द डॉक्टरांच्या अहवालात योग्य आहे, पण त्यात हा फरक पुसला जातो.

प्रश्नकर्ती: तुम्हा दोघांचे मनापासून आभार. माझे दोन प्रश्न मी वेगळे समजत होते. आता शस्त्रसंधीच्या करारातलं एक कलम लेखात वर घेते आहे: दोन्ही बाजूंनी ताब्यात घेतलेल्या शाळांच्या इमारती 160 दिवसांत रिकाम्या करून पुन्हा शाळेसाठी द्यायच्या. इथे 'रिकाम्या कराव्यात' लिहू की 'मोकळ्या कराव्यात'?

पहिला प्रतिसाद: मोकळ्या. रिकामी खोली नुसती ओस असते. मोकळी केली म्हणजे तिथे मुलांना परत जाता येतं.