सध्या काय वाचताय? नाशिककरांनो, सांगा जरा

गोदाकाठ: सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आणलेलं 'बनगरवाडी' काल संपवलं. कोवळा मास्तर, मेंढरं आणि शेवटी दुष्काळात ओस पडणारी वाडी, वाचून झाल्यावर कितीतरी वेळ गॅलरीत नुसता बसून होतो. त्याआधी 'एक होता कार्व्हर', तेही भारी. आता पुढे काय घेऊ? रहस्यकथाही चालतील.

पंचवटीकर: लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घ्याच! लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या, त्यात वडिलांच्या सोवळ्याचं जे लिहिलंय ना, हसता हसता पोटात तुटतं. माझ्या आजीने पानांत मोरपीस ठेवलेलं अजून तसंच आहे.

सिडकोवाली: +१. रहस्यात बाबूराव अर्नाळकर, एका बैठकीत संपतात.

गोदाकाठ: शनिवारी दोन्ही आणतो 🙏