मदत हवी आहे: मिलानचं मिदो चष्मा प्रदर्शन आणि शहर फिरणं

नमस्कार मंडळी, आमचं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे आणि येत्या मिदोला जायचं ठरतंय, बायकोपण सोबत आहे, ती पण दुकानात बसते त्यामुळे फ्रेम निवडायचं काम तिचंच. हे प्रदर्शन 1970 पासून चालू आहे, मिलानला लागून असलेल्या रो गावातल्या फिएरा मिलानो या प्रदर्शन केंद्रात भरतं, मेट्रोची लाल लाइन थेट तिथपर्यंत जाते म्हणून हॉटेल शहरातच त्या लाइनवर घ्यावं असं वाटतंय, बरोबर आहे ना? की रो जवळच राहिलेलं बरं?

मेन प्रश्न असा की आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला तिथे कोणी भाव देतं का, मिनिमम ऑर्डर किती मागतात, थोडे पीस देणारे अ‍ॅसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फ्रेमवाले कोणत्या हॉलमध्ये बसतात? आणि सॅम्पल बॅगेतून आणले तर इथे कस्टमला काय कागद दाखवायचे, हे कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रदर्शनानंतर दोन दिवस हातात आहेत. दुओमोच्या (तिथलं मोठं चर्च) गच्चीवर जायचंच आहे, लिओनार्दोचं लास्ट सपर हे चित्र बघायला पंधराच मिनिटं आत सोडतात आणि बुकिंग फार आधी करावं लागतं म्हणे, मग किती महिने आधी बघू? माझा जीव खरंतर उत्तर इटलीतल्या पिएवे दी कादोरे गावच्या चष्मा म्युझियममध्ये अडकलाय, इटलीचा चष्मा धंदा त्याच डोंगराळ भागात वाढला, पण थंडीत मिलानहून तिकडे जाऊन येणं जमेल का, की एक रात्र राहावंच लागेल?

आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी, तिथल्या केशर घातलेल्या रिसोट्टोतपण (भाताचा प्रकार) हाडातली मज्जा घालतात असं कळलं, तर जेवायच्या जागा नक्की सुचवा.