स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र लगेच काढावे की थांबावे? नाशिककडच्या तीन पालकांची चर्चा

सिडकोची आई : आमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना तहान लागली की माझे मनगट धरून माठापर्यंत ओढत नेई, पण माठाकडे बोट म्हणून दाखवत नसे. ‘याचा बापही उशिराच बोलला’ या घरच्या समजुतीत बरेच दिवस गेले आणि मग स्वमग्नतेचे निदान झाले. आता घरात वाद आहे तो प्रमाणपत्राचा. माझ्या मते ते लगेच काढावे. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 2016 च्या कायद्याने तिचा 21 प्रकारांत समावेश केला आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व नोंदले गेल्यास 6 ते 18 वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. एवढे मिळत असताना चारचौघांच्या भीतीने कागद टाळणे मला पटत नाही.

इंदिरानगरचा बाबा : चारचौघांचे सोडा, प्रश्न शाळेचा आहे. जिथे आम्ही आपणहून निदानाची फाइल पुढे केली, तिथे ‘आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत’ असे गोड बोलून आमची बोळवण झाली. जिथे काहीच बोललो नाही, तिथे बालवर्गात प्रवेश मिळाला. स्पीच थेरपी (बोलण्यासाठीची) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांच्या सरावाची) प्रमाणपत्राविना सुरू होतात. मग तीन वर्षांच्या पोरावर टक्केवारी डकवण्याची घाई कशाला?

सिडकोची आई : प्रमाणपत्र काढणे वेगळे आणि शाळेला दाखवणे वेगळे. लहान वयातले प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतेच असते, पुढे फेरतपासणी होते. आणि लपवून प्रवेश घेतलात तरी, वर्गातला गोंगाट असह्य होऊन मुलाने कानांवर हात दाबले की बाईंना तो हट्टच वाटणार ना?

पेठकर : कागद लपवण्याची चैन शहरातच परवडते. आमच्या पेठ तालुक्यात सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुले तपासते आणि शंका आली तर नाशिकला पाठवते, इथवर ठीक. पण थेरपीसाठी दर आठवड्याला सिव्हिल गाठायचे म्हणजे एसटीचे भाडे जाते आणि वर मजुरी बुडते. एसटीची सवलत प्रमाणपत्रावरच मिळते. निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा विमाही त्याशिवाय नाही, आणि त्यातून थेरपीचा थोडाफार खर्च निघतो, अर्थात आधी पदरचे पैसे घालून.

इंदिरानगरचा बाबा : पेठकरांचे म्हणणे मान्य, तुमच्या जागी मीही पहिल्याच दिवशी अर्ज केला असता. मात्र शाळांचा नकार कायम तोंडी असतो, लेखी मागितला की ‘जागा भरल्या’ हे उत्तर तयार, आणि तोंडी नकाराविरुद्ध दाद कशाच्या आधारे मागायची हे कोणी सांगत नाही. पहिलीचा प्रवेश हातात पडेपर्यंत आम्ही थांबणार आहोत.